नकाशात बाईचा दिवस कुठं असतो?

(बीड जिल्ह्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सैलपणा तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

निरोप आला तेव्हा विषय कळवला होता, 'शहराची आखणी आणि आरोग्य'. आमच्या गटातल्या एका मावशींना मी तो सांगितला. त्या म्हणाल्या, "बीडात बसून शहराचं काय बोलायचं बाई? आपल्याला शहर म्हंजी मोंढा नि बसस्टँड." मला त्यांचं पटलं. दोन दिवस मी काहीच लिहिलं नाही. मग वाटलं, दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला बाहेर पडतात. कारखान्याच्या तळावर शे-दोनशे कोप्या एका ठिकाणी उभ्या राहतात. हजारभर माणसं, तेवढीच जनावरं, लेकरं, कोंबड्या. पाच-सहा महिने तिथं चुली पेटतात, बाळंतपणं होतात, माणसं मरतात. याला गावच म्हणायचं ना? फक्त ते कुणी आखलेलं नाही. आणि न आखलेल्या गावात आजार कुणाच्या वाट्याला जातो, हे आपण इथं बसलेल्या सगळ्याजणी जाणतो.

तेव्हा मी सुरुवात जुन्यापासून करते आणि शेवटी कोपीपाशी येते. मधे जरा लांबचा फेरा होईल, तो सांभाळून घ्या.

आपल्या बीडच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे. आपल्यातल्या बऱ्याचजणी शाळेच्या सहलीत तिथं जाऊन आल्या असतील. निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळात, १५८२-८३ च्या सुमारास ती बांधली असं सांगतात, आणि बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगतात. जमिनीखालून नाली काढून विहिरीचं पाणी खाली शेती-बागांपर्यंत नेलेलं आहे, तेही मोटेशिवाय, नुसत्या उतारावर. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अशीच नहर काढली आणि सबंध शहराला पाणी दिलं. आपल्याकडं कुणाला अक्कल नव्हती आणि साहेब आल्यावर नगररचना आली, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. पाणी कुठून येईल हे आधी ठरवायचं आणि वस्ती मग बसवायची, हे इथल्या कारागिरांना चारशे वर्षांपूर्वी येत होतं.

पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. नहर काढणाऱ्याचं नाव सगळे सांगतात. नहरीचं पाणी हौदात आलं, आणि हौदापासून चुलीपर्यंत ते कुणी नेलं? ते नाव कुठंच नाही. पाण्याची आखणी हौदाशी संपते, पुढचं अंतर बाईच्या डोक्यावर. आजही तसंच आहे.

आता नदी. बिंदुसरा गावाच्या मधून जाते. उन्हाळ्यात तिच्याकडं कुणी बघत नाही, पात्रात जे टाकायचं ते टाकलं जातं. १९८९ च्या जुलैमध्ये तिला महापूर आला आणि काठावरच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसं गेली. माझी आत्या तेव्हा नदीच्या काठाला राहायची. ती वाचली. पुढं कधीही पुराचा विषय निघाला की लोक पाणी किती चढलं ते सांगायचे. आत्या ते कधीच सांगायची नाही. ती सांगायची पुरानंतरचे दिवस. एका इमारतीच्या खोल्यांत सगळ्या घरांना एकत्र ठेवलं होतं. नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडलेल्या बाया, बदलायला दुसरं नाही, आडोसा नाही. त्यात तिची पाळी आली. "पुरानं एकदा मारलं असतं," ती म्हणायची, "ह्यानं रोज मारलं." पुराच्या कोणत्या अहवालात हे वाक्य असेल?

नदीकाठी गरिबांनीच का राहावं लागतं, हा प्रश्न जुना आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला असाच पूर आला, हजारो माणसं एका दिवसात गेली. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना सल्ल्याला बोलावलं, वरच्या अंगाला धरणं बांधायचं ठरवलं. १९२० मध्ये उस्मानसागर झालं, १९२७ मध्ये हिमायतसागर. त्यामुळं पूरही आवरला आणि शहराला पिण्याचं पाणीही मिळालं. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ नेमलं. त्यानं दाट वस्त्या मोडल्या, नदीचे काठ मोकळे केले, काही घरंही बांधली. हे मंडळ राजधानीपुरतं होतं. ज्वारी-कापूस पिकवून सारा भरणाऱ्या मराठवाड्याच्या तालुक्यांकडं कुणी नकाशा घेऊन आलं नाही. असो. त्याचं रडगाणं गात बसायला मी आलेली नाही.

मला सविस्तर सांगायचं आहे ते मुंबईच्या प्लेगचं. कारण आजाराच्या भीतीनं शहर बदलायला निघालेल्या लोकांनी काय केलं आणि काय केलं नाही, हे तिथं अगदी स्पष्ट दिसतं.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आसपास माणसं गाठी येऊन मरायला लागली. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं सांगितलं. मांडवी म्हणजे गोदी जवळ, हमाल, गाडीवान, मजूर असे सगळे तिथं दाटीनं राहायचे. दोन चाळींच्या मधे हातभर रुंद घरगल्ली, मैला त्या गल्लीत पडायचा, भंगी समाजातल्या बाया-पुरुषांनी तो उचलायचा. खोल्यांना खिडक्या नाहीत. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती गावाकडं पळाली.

सरकारनं काय केलं? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा आणला. घरात शिरून झडती, सामान जाळणं, छपराची कौलं काढणं, भुई खणणं, गटारं धुणं. आजारी माणसाला इस्पितळात, घरच्यांना छावणीत. रेल्वे स्टेशनांवर गाड्या थांबवून उतारूंची तपासणी. प्लेगची गाठ काखेत येते, जांघेत येते. बाईला फलाटावर उभं करून तिथं तपासायचं, आणि तपासणारा पुरुष. पुण्यात तर घरांत सोल्जर शिरले. २२ जून १८९७ ला रँडचा खून झाला, तो आपण शाळेत शिकलो. धड्यात बायकांची अब्रू हा पुरुषांच्या रागाचा विषय म्हणून येतो. बायका स्वतः काय म्हणत होत्या हे धड्यात नसतं. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारलं होतं, की पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत नेलेल्या बायकांची काळजी कोण घेतंय, त्या सुरक्षित आहेत का? सरकारनं ते पत्र चुकीचं ठरवलं आणि विषय मिटवला. आपल्यालाही असं उत्तर किती वेळा मिळालंय!

त्याच मार्च महिन्यात, १० तारखेला, सावित्रीबाई गेल्या. हडपसरजवळ डॉ. यशवंतरावांनी माळावर दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर उचलून तिथं आणलं, आणि त्यांना लागण झाली. आपण त्यांचा फोटो लावतो तो शाळेसाठी. त्या साथीत सेवा करताना मेल्या, हेही पोरींना सांगत जा.

मुंबईत लोकांनी ऐकून घेतलं असं नाही. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. १८९८ च्या मार्चमध्ये एका आजारी मुलीला न्यायला आलेल्या पथकाला जुलाह्यांनी अडवलं आणि दंगल झाली. झडत्यांनी साथ आवरेना आणि लोक बिथरले, तेव्हा सरकारच्या डोक्यात आलं की शहराची रचनाच बदलायची. १८९८ मध्ये कायदा करून 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' काढला. मराठीत म्हणायचं तर शहर सुधारणा मंडळ. रुंद रस्ते काढायचे, दाट वस्त्या मोडायच्या, नव्या जागा भर घालून किंवा सपाट करून वस्तीला आणायच्या. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते त्यातून निघाले. दादर, माटुंग्याची आखीव वसाहत त्यातूनच झाली. नागपाड्याच्या वस्तीवर पहिली योजना लागली.

रस्ते रुंद का काढले? तर समुद्राचा वारा आत यावा म्हणून. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांची समजूत अशी, की रोग घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेनं होतो. वारा खेळला की रोग गेला. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो असं सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्येच सांगितलं होतं, पण ते मान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षं गेली. तोवर घरं पडत होती. वस्ती मोडली की माणसं हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या चाळीत जातात, जिथं आधीच एका खोलीत दोन कुटुंबं आहेत. मंडळानं जेवढ्या खोल्या पाडल्या त्या मानानं परवडणाऱ्या खोल्या बांधल्या फार थोड्या, आणि त्याही उशिरा. म्हणजे दाटी मोडायला निघालेल्या मंडळानं शेजारी दाटी वाढवली. उंदीरही माणसांबरोबर गेले. देशभरात प्लेगनं पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसं नेली.

मंडळावर कोण होतं? सरकारी अधिकारी, जमीनमालक, व्यापारी, गिरणीमालक. ज्यांच्या खोल्या पडणार त्यांच्यापैकी कुणी नाही. बाई तर नाहीच.

इथं मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवते. फिलाडेल्फिया नावाचं शहर आहे. १६८२ मध्ये विल्यम पेन या माणसानं ते आखलं. त्याच्या डोळ्यांपुढं लंडन होतं, १६६५ चा प्लेग आणि १६६६ ची आग. म्हणून त्यानं सरळ रुंद रस्ते, मोठे प्लॉट, प्रत्येक घराभोवती बाग अशी आखणी केली. कागदावर सुरेख. पण प्लॉटवाल्यांनी प्लॉट तोडून आत बोळ काढले, बोळांत गरीब भरले, गावातल्या ओढ्यात चामड्याच्या कारखान्यांची घाण सोडली. १७९३ मध्ये तिथं पीतज्वर आला. पन्नास हजारांच्या गावात साधारण पाच हजार माणसं मेली. श्रीमंत गाव सोडून गेले. आजाऱ्यांजवळ थांबलं कोण? काळी माणसं. एका नामवंत डॉक्टरनं सांगितलं की काळ्यांना हा रोग होत नाही, त्यांनी सेवा करावी. त्यांच्या संघटनेच्या अब्सालोम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी माणसं उभी केली, त्यांत बाया होत्या. रोग त्यांनाही झाला, तेही मेले. आणि साथ संपल्यावर त्यांच्यावरच आरोप, की यांनी सेवेचे जास्त पैसे घेतले, घरं लुटली! त्या दोघांनी १७९४ मध्ये पुस्तिका छापून उत्तर दिलं. आपल्याकडं कोरोनात आशाताई दारोदार फिरल्या, तेव्हा गल्लीत त्यांना कसं वागवलं आणि मानधन किती मिळालं, ते आठवा.

पण फिलाडेल्फियाचं मी वेगळ्या कारणासाठी सांगतेय. तिथंही समज हाच, की रोग घाणीच्या वासानं होतो. डासांमुळं पीतज्वर होतो हे सिद्ध झालं १९०० मध्ये. पण त्या चुकीच्या समजुतीतून त्यांनी ठरवलं की रस्ते धुवायला आणि प्यायला चांगलं पाणी पाहिजे. १८०१ मध्ये वाफेच्या पंपानं नदीचं पाणी शहरात आणलं. पीतज्वर त्यानं लगेच थांबला नाही. पण पाणी आलं ते राहिलं, आणि ते पुढं कामाला आलं. मुंबईत तीच चुकीची समजूत होती, तिच्यातून घरं पाडली. तेव्हा शास्त्र चुकलं तरी चालतं असं मी म्हणत नाही हं. मी एवढंच बघते, की आजाराच्या नावानं सरकार काही करायला निघालं, तर ते आपल्याला काही देतंय की आपलं काही मोडतंय? कोणत्याही योजनेला विचारायचा माझा हा पहिला प्रश्न असतो.

मुंबईचं पुढचं ऐका, कारण ते बायका-लेकरांचं आहे. १९२१ सालचे मुंबईचे आकडे नोंदलेले आहेत. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत हजार जन्मांमागं ८२८ मुलं वर्षाच्या आत मेली. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आकडा जरा फुगलेला आहे हे खरं. बऱ्याच बाया बाळंतपणाला कोकणात, देशावर जायच्या. मूल तिकडं जन्मायचं, नोंद तिकडं व्हायची, आणि मुंबईत परत आणल्यावर मरायचं. पण हा खुलासा ऐकून बरं वाटतं का? गावाकडं जगलेलं मूल त्या खोलीत आणल्यावर गेलं, असाच त्याचा अर्थ.

त्याच सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या बाईंना सरकारनं गिरणीतल्या बायांची पाहणी करायला नेमलं. त्या चाळींत गेल्या, खोल्यांत बसल्या. त्यांनी लिहिलं की जवळजवळ सगळ्याच बाया मुलाला अफूची गोळी देतात. वाचणारे साहेब म्हणाले असतील, कसल्या अडाणी आया! पण बार्न्सबाईंनी दिवस पाहिला होता. सकाळी नळावर रांग, मग गिरणी दहा तास, मूल सांभाळायला कुणी नाही, पाळणाघर नाही, परत येऊन स्वयंपाक. मूल रडलं तर ती कामाला जाणार कशी? मालकाच्या वेळापत्रकात आणि चाळीच्या नकाशात लेकराला जागा नव्हती, म्हणून ते गुंगीत ठेवलं जायचं. अशा पाहण्यांतून आणि कामगारांच्या मागणीतून १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. १९२८ मध्ये कौन्सिलात त्या बिलाच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

घरांसाठी १९२० मध्ये वेगळं खातं काढलं, बीडीडी. पन्नास हजार खोल्या बांधू म्हणाले. साडेसोळा हजारांच्या आसपास बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. सिमेंटची खोली, संडास मजल्याला सामाईक. त्या चाळींतून पुढं चळवळी उभ्या राहिल्या, ते वेगळं. पण खोली आखणाऱ्यानं एक माणूस धरून आखली, तो सकाळी कामाला जातो आणि रात्री झोपायला येतो. दिवसभर त्या खोलीत कोण असतं, बाळंतीण कुठं निजते, पाळीची कापडं कुठं वाळतात, याचा विचार कुठं केलेला दिसत नाही.

आता कोपीपाशी येते.

मागच्या हंगामात आम्ही तिघीजणी एका कारखान्याच्या तळावर आठ दिवस जाऊन राहिलो. बायांना म्हटलं, आपण तुमच्या तळाचा नकाशा काढू. रांगोळी नव्हती, राख घेतली. सगळ्यात आधी त्यांनी काय काढलं सांगू? वजनकाटा. मग रस्ता, ट्रक वळवायची जागा. मग बैलांचा हौद. हौद कोप्यांच्या अगदी जवळ होता, कारण बैल तहानलेला राहिला तर गाडी ओढणार नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच्या पलीकडं, लांब. दिवे वजनकाट्यावर. कोप्यांच्या मागं अंधार.

मग मी विचारलं, आणि तुम्ही जाता कुठं? सगळ्या हसल्या. एक तरुण पोरगी, दोन लेकरांची आई, म्हणाली, "ताई, ते नकाशात बसत नाही, ते रोज बदलतं." मला कळलं नाही. तिनं समजावलं. सुरुवातीला ऊस उभा असतो, उसात जायचं. मग आम्हीच तो तोडतो. जसजसा तोडू तसतसा आडोसा जातो. हंगामाच्या शेवटाला सगळं उघडं रान. "आमच्याच कोयत्यानं आमचा संडास तोडतो आम्ही."

मग काय करता? "पाणी कमी पितो. पाणी कमी पिलं की जावं लागत नाही."

पहाटे तीनला उठणं, दिवसभर वाकून तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीत चढवणं, आणि ते उन्हात, पाणी न पिता. पाळीत कापड बदलायला जागा नाही. धुवायला पाणी नाही. वाळवायचं ते दुसऱ्या कापडाखाली, ऊन न लागू देता. अंगावरून जातं, जळजळ होते, ओटीपोट दुखतं. खाडा केला तर मुकादम दंड लावतो, उचल तर आधीच खाऊन झालेली. मग दुखणं अंगावर काढायचं, आणि गावी आल्यावर खासगी दवाखाना. तिथं सांगणार, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या पेपरात आलं. नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांची गर्भाशयं काढलेली होती, कितीतरी जणींची ऐन तरुण वयात. पेपरवाल्यांनी दोन दोषी शोधले, पैशाला हपापलेले डॉक्टर आणि दंड करणारा मुकादम. दोन्ही बरोबर. पण त्या राखेच्या नकाशापुढं बसल्यावर मला तिसरी गोष्ट दिसली. आजाराला सुरुवात दवाखान्यात झाली नव्हती. ती झाली हौदाच्या पलीकडच्या लांबच्या नळापाशी आणि कोपीमागच्या अंधारात. मी असं म्हणत नाही की दोन संडास बांधले की ऑपरेशनं थांबतील. उचल, मुकादमी, डॉक्टरांवरचा धाक, हे सगळं लढावंच लागेल. पण ट्रक वळायला जागा लागते हे ज्याला सुचलं, त्याला हजार माणसांच्या तळावर बाईला आडोसा लागतो हे सुचलं नाही, आणि त्याबद्दल कुणी त्याला विचारलं नाही.

आणखी एक. त्या तळावर संडास नव्हते असं नाही. पत्र्याचे चार होते. दोघांत सरपण भरलेलं, एकाला कडी नाही, चौथ्यात पाणी नाही. कागदोपत्री सोय झालेली. आम्ही बायांना विचारलं, तुमच्या हातात असतं तर पहिल्यांदा काय बांधलं असतं? मला वाटलं संडास म्हणतील. त्या म्हणाल्या, मोरी. चार भिंतींची, कडीची, पाण्याची टाकी जवळ असलेली मोरी, कोप्यांच्या मधोमध. कडेला नको, कडेला नेली की रात्री जाता येत नाही. अंग धुता आलं, कापड धुता आलं, तर बाकीचं निभतं, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर तिथं राबणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय हे कोणत्या इंजिनिअरला कळणार होतं? भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी १९८६ मध्ये 'महिला मिलन' सुरू केलं. घर कसं पाहिजे ते त्यांनी स्वतः मापं घेऊन ठरवलं. खोली उंच हवी, म्हणजे वर माळा घालता येईल, हे त्यांचं. मापं घ्यायला शिकलेलं असावं लागत नाही.

राहिली गोष्ट आपल्या गावांची, म्हणजे नगरपंचायत, नगरपरिषद असलेल्या गावांची. १९६६ चा नगररचना कायदा आहे. त्याप्रमाणे गावाचा विकास आराखडा करावा लागतो, तो लोकांना पाहायला ठेवावा लागतो, आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नोटीस पेपरात येते, मुदत तिच्यातच दिलेली असते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांकडं द्यायच्या अठरा विषयांची यादी दिली. पहिलाच विषय नगररचना. सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता त्यातच. आणि एका कलमात रस्त्यावरचे दिवे, गाड्या उभ्या करायची जागा, बसथांबे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहं, ही चारही एकत्र आहेत. मला ते कलम फार आवडतं. गाड्यांच्या जागेसाठी भांडणारे पुष्कळ असतात. उरलेल्या तिन्ही गोष्टी आपल्या आहेत. २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत, तेव्हा त्या सभागृहातही आपल्यापैकी कुणी बसलेली असते.

आमच्या गटातल्या दोघीजणी एका गावात असा आराखडा पाहायला गेल्या होत्या. कारकुनानं विचारलं, "तुमचा प्लॉट कोणता?" म्हणाल्या, "आमचा प्लॉट नाही." "मग तुम्हाला नकाशा कशाला?" ह्यावर त्या तासभर तिथंच बसून राहिल्या. शेवटी त्यानं नकाशा उलगडला. बाजाराच्या आवारात भाजीवाल्या बायांसाठी म्हणून स्वच्छतागृह दाखवलं होतं, ते देशी दारूच्या दुकानाच्या मागच्या बोळात. दोघींनी हरकत लिहिली, एका पानाची, साध्या वहीच्या कागदावर. सोबत बाजारात बसणाऱ्या बायांच्या सह्या आणि अंगठे. पोच घेतली. सुनावणीला बोलावणं आलं तेव्हा दोघींऐवजी एकवीसजणी गेल्या. जागा अजून बदललेली नाही. फाइल फिरते आहे. पण त्या बोळात बांधकामही सुरू झालेलं नाही.

चहा आलाय, तो घेऊ. चहानंतर प्रत्येक गटाला एक मोठा कागद आणि खडू मिळतील. आपापल्या गावाचा, वस्तीचा किंवा तळाचा नकाशा काढायचा. पाणी निळ्यानं, अंधार काळ्यानं. आणि पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तुम्ही कुठून कुठं जाता, ती वाट लाल खडूनं.